जगज्जेत्यांचे गाव

जगज्जेता होण्यासाठी माणसाला निदान मोठ्या गावात जन्म घ्यावा लागतो, अशी माझी आपली समजूत होती. ग्लासगोच्या हॅम्पडेन मैदानावर फुटबॉलचे एक संग्रहालय आहे. तिथे नातवाचे बोट धरून हिंडत असताना (खरे म्हणजे त्यानेच माझे बोट धरले होते) ती समजूत एका काचेच्या कपाटापुढे गळून पडली. कपाटात एक चषक होता. त्याखालच्या पाटीवर रेंटन नावाच्या संघाचे नाव होते, १८८८ साल होते, आणि हा संघ त्या वर्षी साऱ्या जगाचा विजेता ठरला असे लिहिले होते.

"रेंटन? कुठलं हे?" नातवाने विचारले. वय वर्षे दहा. ग्लासगोत जन्मला, ग्लासगोत वाढला. सेल्टिक संघाच्या गेल्या वीस वर्षांतल्या साऱ्या खेळाडूंची नावे त्याला पाठ आहेत. रामरक्षा मात्र चार ओळींपुढे जात नाही.

"इथून पाऊण-एक तासावर आहे," त्याचा बाप म्हणाला. "बालोखची गाडी तिथं थांबते. खेडंच आहे तसं."

"खेडं वर्ल्ड चॅम्पियन कसं होईल, बाबा?" असे म्हणून नातू पुढच्या कपाटाकडे निघून गेला. मी मात्र तिथेच उभा राहिलो. खेड्यातल्या संघाविषयी मला एक हळवेपणा आहे. त्याचे कारण पुढे ओघाने येईलच.

मुलाकडे मी दोन महिन्यांसाठी गेलो होतो. त्यांतले पहिले पंधरा दिवस पाऊस बघण्यात गेले. पुढचे पंधरा दिवस रेंटनच्या मागे गेले. मुलगा कामाला, सूनबाई कामाला, नातू शाळेत. आणि कोपऱ्यावरच्या सार्वजनिक वाचनालयात हीटर उत्तम. तिथे बसून मी या गावाविषयी जे सापडेल ते वाचून काढले. म्हातारपणी माणसाला असे एखादे खूळ लागले तर घरातली माणसे सुखी होतात, हा माझा अनुभव आहे.

स्कॉटलंडचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. ग्लासगोच्या वायव्येला लोमंड नावाचे एक विस्तीर्ण सरोवर आहे. त्याच्या दक्षिण टोकातून लेव्हन नावाची नदी निघते आणि पाच-सहा मैल वाहून डंबार्टनपाशी क्लाइडला मिळते. आपल्याकडच्या एखाद्या ओढ्याला लाज वाटावी एवढीच तिची लांबी. पण पाणी मोठे स्वच्छ, मऊ आणि बारमाही. कापड धुण्याला, रंगवायला असे पाणी लागते. त्यामुळे अठराव्या शतकापासूनच या खोऱ्यात कापड शुभ्र करण्याचे, छापण्याचे आणि रंगवण्याचे कारखाने उभे राहिले. रेंटन हे त्यांतलेच एक गाव. १७८२ साली ते वसवले जीन टेल्फर नावाच्या बाईने. ही इंग्रजी कादंबरीकार टोबायस स्मॉलेट याची बहीण. सून घरात आली तिचे माहेरचे आडनाव रेंटन, तेच गावाला दिले. सुनेचे नाव गावाला देणारी सासू जगात दुसरी झाली असेल असे वाटत नाही. ही गोष्ट मी सूनबाईंना मुद्दाम सांगितली.

या खोऱ्याचा खरा धंदा तांबड्या रंगाचा. त्याला ते लोक 'तुर्की तांबडा' म्हणत. मुळात ही विद्या पूर्वेकडची. तुर्कांच्या मुलखातून ती फ्रान्समध्ये गेली आणि पापियों नावाच्या एका फ्रेंच कारागिराने १७८५ साली ग्लासगोला आणली. मंजिष्ठाची मुळे, तुरटी, तेल, शेण असला सगळा तो संभार. सूत तेलात भिजवायचे, वाळवायचे, पुन्हा भिजवायचे, शेणाच्या पाण्यातून काढायचे, तुरटीत बुडवायचे, मग मंजिष्ठात उकळायचे. कितीतरी दिवस हे चाले. पण एवढे सोपस्कार होऊन जो रंग चढे तो चढला की चढला. ऊन, पाणी, साबण, सोडा, कशाला दाद देत नसे. १८६९ नंतर डांबरापासून काढलेला कृत्रिम रंग आला, मंजिष्ठाची शेती बसली, आणि लेव्हनकाठचा माल आणखी स्वस्त झाला. हा माल जायचा कुठे? मोठा भाग हिंदुस्थानात. मुंबई बंदरात तांबड्या सुताचे आणि तांबड्या छापील कापडाचे गठ्ठे उतरत. गठ्ठ्यांवर रंगीत कागदी छाप असत. त्यावर हत्ती, मोर, आणि चक्क आपली देवदेवता! लक्ष्मीचे चित्र लेव्हनकाठच्या कारखान्यात गठ्ठ्याला डकवले जाई आणि सोलापूरच्या पेठेत ते बघून गिऱ्हाईक माल ओळखी.

आता माझ्या आजीची गोधडी सांगितलीच पाहिजे.

आमचे घराणे विणकराचे. सोलापूरजवळच्या गावात घरी दोन माग होते. आजीने माहेराहून आणलेली एक गोधडी होती. तिच्या आईने शिवलेली. मी लहानपणी तिच्यातच झोपत असे. असंख्य तुकडे जोडलेले. त्यांतले पिवळे, निळे, हिरवे सारे धुऊन धुऊन मातीच्या रंगाचे झाले होते. फक्त मधोमध एक तांबडा तुकडा होता, त्यावर पिवळा मोर. तो तुकडा काल दुकानातून आणल्यासारखा दिसे. नागपंचमीच्या आधी गोधड्या ओढ्यावर धुवायला काढत तेव्हा आजी म्हणायची, "पाणी बघ. थेंबभर तरी तांबडं होतंय का?" आणि मग जरा खालच्या आवाजात, "विलायती आहे ना तो!" खालच्या आवाजात, कारण १९२१ साली विलायती कापडाच्या होळ्या झाल्या तेव्हा गावातली पोरे घरोघर कापड मागत आली होती. आजी तेव्हा नवी नवरी. तिने दोन लुगडी आणि आजोबांचा कोट निमूटपणे काढून दिला, आणि गोधडी धान्याच्या कणगीत लपवून ठेवली. आईच्या हातचे टाके जाळायला काही तिचे मन होईना. त्या चोरीची टोचणी तिला जन्मभर होती असे मला वाटते. गांधीजींच्या तसबिरीला ती रोज हार घाली, त्यामागे थोडा हाही भाग असावा.

एडिंबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात लेव्हनकाठच्या कारखान्यांची नमुन्यांची जाडजूड पुस्तके जपून ठेवली आहेत. त्यांतल्या काही पानांची चित्रे मुलाने मला संगणकावर काढून दाखवली. तांबड्या जमिनीवर मोरच मोर. आजीचा मोर त्यांतलाच, असे शपथेवर सांगता येणार नाही. मोर शेवटी मोरासारखेच असतात. पण मान वळवून मागे बघण्याची ती ढब मी ओळखीची मानून घेतली.

तर अशा या तांबड्या खोऱ्यात फुटबॉल आला १८७२ साली. त्याआधी तिथली पोरे शिंटी खेळत. हॉकीचाच हा एक दांडगा डोंगरी भाऊ. ग्लासगोच्या क्वीन्स पार्क संघाने येऊन नवा खेळ कसा खेळायचा ते दाखवले आणि बघता बघता खोऱ्याला त्याचे वेड लागले. रेंटनचा संघ त्याच वर्षीचा. पुढच्या वर्षी, १८ ऑक्टोबर १८७३ रोजी, स्कॉटिश चषकाच्या स्पर्धेतला पहिलावहिला सामना झाला, त्यात किल्मार्नॉकविरुद्ध रेंटन होते आणि रेंटन जिंकले. कायद्याने कारखान्यांना शनिवारी दुपारची सुटी मिळू लागली होती. आठवडाभर रंगाच्या वाफेत उभे राहिलेले तरुण शनिवारी दुपारी मोकळ्या हवेत सुटले तर काय करतील? चेंडूला लाथ मारतील.

शेजारच्या अलेक्झांड्रिया गावचा व्हेल ऑफ लेव्हन संघ, नदीच्या मुखाशी डंबार्टन, आणि मध्ये रेंटन. तिन्ही गावे चार-एक मैलांच्या पट्ट्यात. १८७७ ते १८८८ या बारा वर्षांत या पट्ट्याने स्कॉटिश चषक सहा वेळा घरी आणला: व्हेलने लागोपाठ तीनदा, डंबार्टनने एकदा, रेंटनने दोनदा. ग्लासगोसारखे शहर शेजारी हात चोळत बसलेले. १८८५ च्या अंतिम सामन्यात तर रेंटन आणि व्हेल ही दोन शेजारगावेच समोरासमोर आली. पहिला सामना बरोबरीत सुटला. दुसऱ्यांदा रेंटनने ३-१ असा जिंकला. त्या आठवड्यात दोन्ही गावांतल्या माहेरवाशिणींचे काय हाल झाले असतील, याची नोंद इतिहासाने ठेवलेली नाही.

रेंटनच्या पोरांच्या ताकदीचे गुपित म्हणून एका पेयाचा मोठा बोलबाला होता. त्याला ते 'चिकन ब्री' म्हणत. ब्री म्हणजे रस्सा. नावावरून वाटावे कोंबडीचा रस्सा; पण आत कोंबडी नव्हती. पोर्ट वाइनमध्ये फोडलेली कच्ची अंडी एवढाच तो प्रकार. कोंबडी व्हायच्या आतच संपवलेली, म्हणून नाव तसे खोटे नाही! हे वाचून मला आमच्या गावच्या तालमीतला खुराक आठवला. बदामाची थंडाई म्हणून वस्ताद जी देत त्यात बदाम किती आणि बडीशेप किती हे विचारण्याची कोणाची छाती नव्हती. खुराकाचा अर्धा गुण त्याच्या कीर्तीत असतो. समोरच्या संघाने ऐकले की हे लोक काहीतरी पितात, की निम्मे काम झालेच.

१८८८ च्या फेब्रुवारीत रेंटनने अंतिम सामन्यात केंबसलँगला ६-१ असे धुतले. तिकडे इंग्लंडचा चषक वेस्ट ब्रॉमविच आल्बियनने जिंकला होता. त्या अंतिम सामन्यात प्रेस्टनचा संघ इतक्या खात्रीने उतरला होता की खेळण्याआधीच, कपडे स्वच्छ आहेत तोवर, चषकासह छायाचित्र काढून घ्यावे असे त्यांनी सुचवले, अशी कथा सांगतात. आणि हरले. असो. दोन देशांचे दोन विजेते. मग त्यांच्यात सामना लावला. त्याला नाव दिले 'ग्रेट ब्रिटनचे आणि जगाचे विजेतेपद'. मे महिन्यात हॅम्पडेनवर, वादळी पावसात, रेंटनने आल्बियनला चांगलेच लोळवले.

इथे कोणी म्हणेल, दोनच देशांनी खेळून जगज्जेतेपद कसले? मीही आधी तसेच म्हणालो. पण विचार करा, १८८८ साली चषकासाठी रीतसर स्पर्धा खेळणारे देश होतेच किती? ज्या जगात हा खेळ पोचला होता त्या जगात त्यांच्याहून सरस कोणी नव्हते. गावाने आपल्या टाँटीन पार्क मैदानावरच्या खोलीवर 'जगज्जेते' अशी पाटी लावली आणि ती लावताना त्यांची जीभ चावली गेली नाही. मला तरी ती पाटी आवडते. पुष्कळ मोठ्या लोकांनी याहून कमी भांडवलावर मोठ्या पाट्या लावलेल्या आहेत.

पण ज्या मे महिन्यात पाटीचा विचार सुरू झाला असेल त्याच मे महिन्यात ग्लासगोच्या पूर्व भागात एका नव्या संघाचा पहिला सामना झाला. आयर्लंडहून पोटासाठी आलेल्या गरिबांच्या मुलांना जेवण मिळावे म्हणून ब्रदर वॉलफ्रिड नावाच्या धर्मगुरूने तो संघ काढला होता. त्याचे नाव सेल्टिक. त्या पहिल्या सामन्यातला पहिला गोल केला नील मॅककॅलमने, तो रेंटनचा. आणि त्याच सामन्यात मैदानाच्या मधोमध खेळला जेम्स केली. तोही रेंटनचा, त्या जगज्जेत्या संघाचा कणा.

केली मग सेल्टिककडेच राहिला. स्कॉटलंडात तेव्हा खेळण्याचे पैसे घेणे हा गुन्हा होता. इंग्लंडने १८८५ साली त्याला मान्यता दिली, स्कॉटलंडने १८९३ साली. मधली आठ वर्षे ही चोरट्या वाटांची वर्षे. इंग्लंडचे संघ उघड पगार देत, स्कॉटलंडचे मोठे संघ हळूच काही सोय लावत. रेंटनने काय द्यायचे? कारखान्यात नोकरी, चिकन ब्री, आणि रस्त्याने जाताना म्हाताऱ्यांचे रामराम. कप्तान अँड्र्यू हॅना एव्हर्टनला गेला. तिथे त्याने इंग्लंडची लीग जिंकून दिली, मग लिव्हरपूलचाही कप्तान झाला. पैजेखातर तो सिंहाच्या पिंजऱ्यात शिरला होता असेही म्हणतात. रेंटन सोडण्याइतके धैर्य असलेल्या माणसाला सिंहाचे काय! जॉनी कँबेल संडरलंडला गेला आणि तीन वेगवेगळ्या वर्षी साऱ्या इंग्लंडात सर्वांत जास्त गोल करणारा ठरला. बॉब केल्सो गेला. घरातली दुभती जनावरे एकेक करून बाजारात जावीत तसे ते गाव रिकामे होत गेले.

हे वाचताना मी वाचनालयात चष्मा काढून ठेवला.

मघाशी म्हटले ते कारण आता सांगतो. आमच्या गावात हुतूतूचा संघ होता. फुटबॉल आम्ही सिनेमात पाहिलेला. सात मागवाल्यांची आणि शेतकऱ्यांची पोरे. मारुतीच्या देवळामागच्या मातीत रोज संध्याकाळी घुमत असू. आमचा कप्तान माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. कोपऱ्यात उभा राहून तो चढाई करणाऱ्याचा घोटा असा धरी की सुसरीने धरावा. मी चढाईचा. दम लांब होता माझा. १९७१ च्या हिवाळ्यात आम्ही तालुक्याच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचलो. तालुका म्हणजे आमचे जगच होते. सामना रविवारी. त्याआधीच्या गुरुवारी मला मुंबईहून पत्र आले. एका मोठ्या कचेरीच्या संघाला चढाईचा गडी हवा होता. कारकुनाची नोकरी देणार होते, सोमवारी हजर व्हायचे. मला थांबून रविवारी रात्री निघता आले असते. गाडी होती. पण पाय मोडला तर? बोट दुखावले तर? साहेब काय म्हणेल? मी शनिवारी सकाळी ट्रंक घेऊन निघालो. कप्तान स्टँडवर आला होता. ट्रंक त्यानेच यष्टीच्या टपावर चढवली. "जा. मोठा हो," एवढेच म्हणाला. रविवारी आमचा संघ हरला, हे मला पंधरा दिवसांनी पोस्टकार्डावरून कळले. पुढच्या वर्षी आणखी दोघे गेले, एक साखर कारखान्यात, एक पोलिसांत. त्यानंतर देवळामागच्या मातीत कुसळे उगवली.

केलीला रेंटनच्या लोकांनी काय म्हटले असेल?

पुढची हकीकत थोडक्यात सांगण्याजोगीच आहे, कारण ती लांबवून सांगताना मजा येत नाही. १८९० च्या मार्चमध्ये स्कॉटलंडात लीग काढावी, म्हणजे ठराविक संघांनी वर्षभर नियमाने एकमेकांशी खेळावे, असे पत्र मोठ्या संघांना धाडले ते रेंटनच्याच चिटणिसाने, पीटर फेअर्लीने. क्वीन्स पार्कने नकार दिला. लीग झाली की पैसा येईल आणि लहान संघ मरतील, असे त्यांचे म्हणणे. सुखवस्तू माणसांचा संघ तो, पण बोलले ते पुढे खरे ठरले. लीग सुरू झाली. एडिंबरोच्या सेंट बर्नार्ड्स संघावर चोरून पगार दिल्याबद्दल बंदी होती. त्या संघाने 'एडिंबरो सेंट्स' असे नाव बदलून एक सामना ठरवला आणि रेंटन त्यांच्याशी खेळले. बस्स! पाच सामने झाले असताना रेंटनची लीगमधून हकालपट्टी झाली आणि त्या पाच सामन्यांचे निकाल पुसून टाकले. ज्या गावच्या पत्राने पंगत बसली त्याच गावाला पहिल्या वाढीनंतर पानावरून उठवले. रेंटन कोर्टात गेले, जिंकले, आणि पुढच्या वर्षी परत आत आले. पण एक वर्ष गेले ते गेलेच. १८९४ साली ते पहिल्या वर्गातून दुसऱ्या वर्गात उतरले. १८९५ साली, दुसऱ्या वर्गात असूनही, चषकाच्या अंतिम सामन्यात पोचले आणि २-१ असे हरले. कोणाकडून? सेंट बर्नार्ड्सकडून! कादंबरीत असे लिहिले तर संपादक परत पाठवतील.

१८९७ च्या मोसमात चार सामने खेळून रेंटनने लीग सोडली. भाडे, प्रवास, सारे झेपेना. त्यांच्या जागी हॅमिल्टन आले. मग बारीकसारीक स्पर्धांतून पंचवीस वर्षे रेटली आणि १९२२ साली संघ मिटला. आजीने गोधडी कणगीत लपवली त्याच्या पुढच्याच वर्षी. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे असे मी म्हणत नाही. पण खोऱ्यातल्या रंगाच्या कारखान्यांचे गिऱ्हाईक हळूहळू तुटत गेले त्यात आपल्या गिरण्यांचा, स्वदेशीचा आणि जपानी मालाचा वाटा होता, हे तिथले लोकही लिहितात. १८९८ साली तीन मोठे कारखानदार एक झाले होते. १९११ साली तिथल्या कामगारांनी, त्यांत बायका पुष्कळ, मोठा संप केला. मंदीच्या काळात खोरे इतके भडक डाव्या मताचे झाले की लोक त्याला 'छोटे मॉस्को' म्हणू लागले. तांबडा रंग कापडावरून उतरून माणसांवर चढला म्हणायचा. १९६० च्या सुमारास कारखाना कायमचा बंद झाला.

परत यायच्या आधीच्या शनिवारी मी नातवाला म्हटले, "चल, तुझे वर्ल्ड चॅम्पियन दाखवतो." क्वीन स्ट्रीटवरून गाडी धरली. डाव्या हाताला क्लाइड, मग डंबार्टनचा तो खडक, आणि थोड्याच वेळात रेंटन. उतरणारे आम्ही दोघे आणि पिशव्या सांभाळणारी एक आजीबाई. गावाच्या मोठ्या रस्त्यावर स्मॉलेटच्या नावाचा उंच दगडी स्तंभ आहे. त्यावरचा लॅटिन लेख डॉ. जॉन्सन यांनी सुधारून दिला होता. नातवाला डॉ. जॉन्सनचे काहीच वाटले नाही आणि मी त्याला दोष देत नाही. त्याला मैदान बघायचे होते. मी एका गृहस्थांना टाँटीन पार्क कुठे म्हणून विचारले. त्यांनी बोट दाखवले. तिथे घरे होती. नीटनेटकी, पुढे थोडे गवत, एका अंगणात मुलाची तीनचाकी उलटी पडलेली.

"मैदान कुठाय?" नातू म्हणाला.

"हेच."

तो थोडा वेळ बघत राहिला. मग त्याने पायाने गवतात एक रेघ ओढल्यासारखे केले आणि चेंडू नसताना एक लाथ मारली. खिडकीतून कोणी पाहिले तर काय म्हणेल म्हणून मी त्याला पुढे नेले. केली इथलाच, आणि सेल्टिकचा पहिला कप्तान तो, आणि १९६७ साली सेल्टिकने युरोपचा चषक जिंकला तेव्हा अध्यक्ष होता तो या केलीचाच मुलगा, हे मी सांगितले तेव्हा मात्र त्याचे डोळे मोठे झाले. त्या १९६७ च्या संघातला एकूण एक खेळाडू सेल्टिक मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेला होता, हे त्याने मला सांगितले. मला ठाऊक नव्हते. आमची बरोबरी झाली.

नदीकडे गेलो. लेव्हन भरून वाहत होती, पाणी काचेसारखे. कित्येक वर्षे या पाण्यात तांबडे सूत धुतले गेले आणि आता खाली नुसते धोंडे दिसत होते. मी वाकून ओंजळभर घेतले. आजी असती तर म्हणाली असती, बघ, थेंबभर तरी तांबडं आहे का.

परतीच्या गाडीला वेळ होता. फलाटावरच्या बाकावर बसून आम्ही सूनबाईंनी दिलेल्या पोळीच्या गुंडाळ्या खाल्ल्या. तेव्हा मी त्याला कप्तानाची आणि शनिवारच्या यष्टीची गोष्ट सांगितली. त्याच्या बापालाही ती मी कधी सांगितलेली नाही. नातू घास तोंडात धरून ऐकत होता.

"मग तुम्ही संडेला का नाही थांबलात, आजोबा?"

"नोकरी होती रे."

"किती पैसे देत होते?"

"दोनशे ऐंशी रुपये. महिन्याला."

त्याने मनाशी हिशेब केला. आजच्या भावाने केला, त्याला दुसरा भाव कुठून माहीत असणार?

"म्हणजे अडीच पौंड!" तो म्हणाला. "अडीच पौंडांसाठी तुम्ही फायनल सोडलीत?"

गाडी आली. मी डबा पिशवीत घातला आणि आम्ही चढलो.